उन्हातली वाइन

प्रश्न : दक्षिण फ्रान्समध्ये इतकं कडक ऊन, मग तिथली रेड वाइन नुसती जड आणि जहाल लागत नाही का?

उत्तर : जहाल असतेच, ते नाकारू नका. शातोनफ-द्यु-पाप या गावाच्या वाइनला किमान 12.5 टक्के अल्कोहोलची अटच आहे आणि बाटलीवर 14-15 सहज दिसतं. इथल्या ग्रेनाश जातीच्या द्राक्षाला ऊन मानवतं, साखर भराभर चढते आणि तिचंच पुढे अल्कोहोल होतं. पण मला ही वाइन आवडते ती मिस्त्राल वाऱ्यामुळे. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून तो असा सुटतो की वेली बुटक्या, झुडपासारख्या ठेवाव्या लागतात. तो घड कोरडे ठेवतो, बुरशी धरू देत नाही. याच गावच्या ला क्रो पठारावर मुठीएवढे गुळगुळीत गोटे पसरलेत, माती दिसतच नाही. दिवसभर तापून ते रात्री वेलींना ऊब देतात. खालची चिकणमाती ओल धरते. रेताड जमिनीवरची वाइन मात्र नाजूक, आणि माझं मत विचाराल तर तीच अधिक सुंदर.

पिकलेल्या स्ट्रॉबेरीमागून थाइम-रोझमेरीचा वास येतो. तो येण्यासाठी बाटली 16-17 अंशांवर उघडा. त्याहून गरम झाली की नाकाला फक्त अल्कोहोल लागेल.