नववीतली मुलगी म्हणते, ‘काहीच ठरलं नाही’

प्रश्न : आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मिस्टर अंबडच्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहेत, मी घरी शिवणकाम करते. मुलगी नववीत आहे. पुढे काय करायचं विचारलं की ‘काहीच ठरलं नाही’ म्हणते आणि विषय बंद. शाळेत करिअरचा कार्यक्रम झाला, डॉक्टर, इंजिनिअर आणि पोलीस अधिकारी येऊन बोलले, तरी तिचं तेच. ओळखीच्या एकांनी बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारी टेस्ट सुचवली आहे. जेईईच्या फाउंडेशन क्लासलाही आत्ताच घाला म्हणतात. सुट्टीत ती दिंडोरीला मामाच्या द्राक्षबागेत रमते, पण त्यात काय करिअर? मुलगी लाजाळू आहे. काय करावं?

उत्तर :

ताई, नमस्कार. पैसे जाण्याआधी पैशांचंच बोलून घेऊ. ती ठशांची टेस्ट करू नका. डीएमआयटी या नावाने ती विकली जाते, रंगीत आलेखांचा जाडजूड रिपोर्ट हातात पडतो आणि आईवडिलांना बरं वाटतं. बोटांवरच्या रेषांवरून मुलाचा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून घेतलेली अभियोग्यता चाचणी ही वेगळी गोष्ट. ती दहावीत जरूर करा. पण तिथेही आवडीनिवडीचे प्रश्न असतात, आणि ‘यंत्र उघडून दुरुस्त करायला आवडेल का?’ यावर खूण करायला मुलीने एखादं यंत्र उघडलेलं बघितलेलं तरी असावं.

क्लासचंही तूर्त राहू द्या. इंजिनिअरिंगला जायचंय की नाही हेच माहीत नसताना दोन वर्षांच्या संध्याकाळी त्यात का घालायच्या? नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान पाठ्यपुस्तकातून पक्कं झालं तर जेईईचा निर्णय अकरावीच्या तोंडावरही घेता येतो.

आता मुलीचं उत्तर. ‘काहीच ठरलं नाही’ हे मला तरी प्रामाणिक वाटतं. चौदा वर्षांच्या मुलीने जवळून पाहिलेली कामं किती? शिक्षिका, डॉक्टर, बँकेचं काउंटर. नाशिकमध्ये नोटा छापतात आणि ओझरला विमानं बनतात हे इथलं प्रत्येक पोर सांगतं. त्या भिंतींच्या आत कोण काय काम करतं, हे विचारलं की सगळे गप्प. शाळेतल्या कार्यक्रमांची मला हीच अडचण वाटते. पाहुणे आपला संघर्ष सांगतात, टाळ्या पडतात, पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आपण नेमकं काय करतो हे कुणी सांगत नाही.

म्हणून ‘काय होणार?’ हा प्रश्न काही महिने घरात बंद करा. मामाची बाग आहे ना, तिथूनच सुरुवात करू. ‘त्यात काय करिअर’ असं तुम्ही लिहिलंत. मामांचा एखादा प्लॉट निर्यातीचा असेल, नसेल तर शेजारच्यांचा असेलच. युरोपला जाणाऱ्या पेटीमागे कोण कोण असतं ते बघा. आधी बागेची नोंद ग्रेपनेटवर, म्हणजे अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ऑनलाइन यादीत. छाटणीपासून फवारणीचं वेळापत्रक सांगणारा कृषी पदवीधर. तोडणीआधी नमुना जातो प्रयोगशाळेत. औषधांचे अंश मर्यादेत आहेत का, ते तपासणारे रसायनशास्त्राचे पदवीधर तिथे बसतात. रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी बघून माल पास करणारा क्वालिटीचा माणूस. द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात त्या पॅकहाउसची सुपरवायझर. माल थंड करणारं प्रीकूलिंग बंद पडलं की रात्री दोनला धावत येणारा रेफ्रिजरेशनचा मेकॅनिक, ज्याच्या हातात लाखोंचा माल असतो आणि ज्याला कार्यक्रमाला कुणी बोलवत नाही. मग मालात कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, न्हावाशेवा बंदराला जाणारा कंटेनर, कस्टम्सची कागदपत्रं, परकीय चलनाचा हिशेब.

आणि यातल्या प्रत्येकाची वाट निराळी. मेकॅनिकचा आयटीआय ट्रेड दहावीनंतर दोन वर्षांचा. बीएस्सी अ‍ॅग्रीला बारावी सायन्स, मग सीईटी ही प्रवेशपरीक्षा आणि चार वर्षं. कागदपत्रं सांभाळणारी बहुधा कॉमर्सची. जानेवारीत तोडणी सुरू झाली की दोन-तीन शनिवार तिला मामाबरोबर पॅकहाउसवर जाऊ द्या. तिथे दिवसभर उभं राहून घडातले खराब मणी काढणाऱ्या बायकाही तिला दिसू देत. कुणाला रोजाने पैसे मिळतात आणि कुणाला महिन्याचा पगार, हे तिचं तिला दिसेल.

तिथे तिने विचारायचे प्रश्न साधे: सकाळी आल्यावर पहिलं काम कोणतं? कशाचा कंटाळा येतो? शिकायला किती वर्षं आणि किती पैसे गेले? तुमच्या मुलीला या कामात पाठवाल का? शेवटच्या प्रश्नाला लोक खरं बोलतात.

एक काम मिस्टरांसाठी. बाबा कंपनीत काय करतात हे मुलीला सांगता येतं का, विचारून बघा. शॉपफ्लोअरवर नेता येणार नाही, पण मायक्रोमीटर घेऊन एखाद्या बोल्टची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून दाखवता येईल. तुमचं शिवणकामही यात धरा. कापड बेतताना तुम्ही जे मोजमाप करता, त्याच्या पुढच्या पायरीवर पॅटर्न मेकिंग आणि फॅशन डिझाइन आहे.

दहावीनंतरचं थोडक्यात. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांचा आयटीआय केला तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे तोही रस्ता पुढे बंद होत नाही. सायन्सकडून कॉमर्स किंवा आर्ट्सला वळता येतं, उलट फिरणं अवघड. म्हणून ‘काही ठरत नसेल तर सायन्स’ असा सल्ला सगळे देतात. मला तो अर्धाच पटतो. गणित-विज्ञान सुसह्य असेल तर ठीक, आणि मग गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवावं. त्या विषयांनी रडवत असेल तर दोन वर्षं मोडतात आणि वर टक्केही जातात. सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, बारावीनंतर कुठल्याही शाखेतून देता येतं. पाच वर्षांच्या लॉचंही तसंच.

शाळेच्या पालकसभेत एक विषय काढा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांबरोबर काम करण्यासाठी. नववीच्या मुलांना त्यात घ्यायला कुणाची ना नसावी. पाहुणे बाहेरून आणायचीही गरज नाही. वर्गातल्या पालकांतच नर्स, वायरमन, जीएसटीचं काम बघणारे निघतील. राज्याचं महाकरिअर पोर्टलही नववी ते बारावीच्या मुलांसाठीच निघालं. ते सध्या सुरू आहे का, हे वर्गशिक्षकांना विचारा; त्यासाठी लागणारा सरल आयडी, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदीतला मुलीचा क्रमांक, त्यांच्याकडेच असतो.

मुलगी लाजाळू आहे म्हणता, तर पहिल्या खेपेला तिने काही विचारलं नाही तरी चालेल. मामाला बोलू द्या, तिने ऐकून लिहून घ्यावं. दुसऱ्या वेळी एखादी मैत्रीण बरोबर द्या आणि तुम्ही घरीच थांबा. आई शेजारी उभी असली की नववीतली मुलं तोंड उघडत नाहीत.