दातांसह की दातांशिवाय?

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एकांकिकांमध्ये मला कायम म्हाताऱ्याचीच भूमिका मिळते. फिल्म क्लबमध्ये ‘रिओ ब्राव्हो’ हा जुना हॉलीवूडपट पाहिला आणि त्यातल्या लंगड्या स्टंपीने वेड लावलं. स्टंपी करणाऱ्या वॉल्टर ब्रेननसारखं फक्त चरित्र अभिनेता म्हणून करिअर करता येईल का? डिग्री सोडून मुंबईला जाऊ का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तू बघितलेला स्टंपी 1959 चा, ब्रेनन तेव्हा पासष्टीला टेकला होता. पण म्हातारे तो चाळिशीपासूनच करत होता. लॉस एंजेलिसमध्ये जमिनींच्या व्यवहारात कमावलेलं सगळं बुडाल्यावर पोटासाठी तो एक्स्ट्रा म्हणून गर्दीत उभा राहू लागला, आणि तिथे त्याने वर्षानुवर्षं काढली. मध्येच एका अपघातात दात गेले. दुसरा असता तर रडत बसला असता!

1935 च्या ‘बार्बरी कोस्ट’च्या वेळचा किस्सा दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगायचे. ब्रेननला संवाद वाचायला सांगितलं, तर त्यानेच उलट विचारलं, ‘‘सह की शिवाय?’’ काय सह? ‘‘दात!’’ पाठ फिरवून त्याने कवळी काढली आणि तोच माणूस वीस वर्षांनी म्हातारा होऊन वाचू लागला. ती छोटीशी भूमिका मग वाढतच गेली. पुढे 1936, 1938 आणि 1940 अशी सहाय्यक अभिनेत्याची तीन ऑस्कर! (तेव्हा एक्स्ट्रांनाही मत होतं आणि हा त्यांच्यातलाच, त्याचा फायदा झाला असं म्हणतात. मला त्यात वावगं काही वाटत नाही.)

तर, तुझ्याकडे ‘शिवाय’ आहे. ‘सह’ आहे का? नुसता थरथरता आवाज आणि वाकलेली पाठ म्हणजे म्हातारा नव्हे. यंदाच्या एकांकिकेत तुझ्याच वयाचा मुलगा मागून घे. जमतोय का बघ.

आता अडचणीचं. ब्रेननचा निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांच्या स्टुडिओशी करार होता, म्हणजे पगार. काम नसेल तेव्हा दुसऱ्या स्टुडिओला ‘उसना’ दिला जाई. त्याचे कितीतरी चित्रपट त्या व्यवस्थेच्या पाठबळावर झाले. ती व्यवस्था हॉलीवूडमध्येही उरली नाही. मुंबईत तुला ऑडिशनमागून ऑडिशन द्याव्या लागतील, आणि खोलीचं भाडं मात्र दर महिन्याला.

म्हणून डिग्री सोडू नकोस. एनएसडी (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय) आणि एफटीआयआय (पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट) यांच्या अभिनय अभ्यासक्रमांनाही पदवी लागते, कुठल्याही शाखेची चालते. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तेही बघून ये.

घरी नक्की सांग, पण निकाल लागल्यावर नव्हे, आत्ताच. बाबांसमोर बसून मुंबईतल्या एका वर्षाचा खर्च कागदावर मांड : कॉटबेसिस, लोकलचा पास, डबा, फोटो. शेवटी जो आकडा येईल तो मला कळव, मग पुढचं बोलू.