वर्धा-बल्लारशा मार्गावर कोळशाच्या मालगाडीचे फायरमन असलेल्या आजोबांच्या स्मरणार्थ पुण्यातील फ्लॅटमध्ये मॉडेल रेल्वे करायची आहे. सुरुवात कशी करावी?

प्रथम काळ निश्चित करावा. आजोबांची नोकरी १९६०च्या आसपासची असेल, तर डब्ल्यूजी जातीचे वाफेचे इंजिन शोभेल. मालगाड्यांसाठी बांधलेली ही इंजिने १९५० पासून चित्तरंजनच्या कारखान्यातही तयार होऊ लागली. त्यामागे चारचाकी उघड्या वाघिणीच (मालडबे) जोडाव्यात, कारण आज दिसणाऱ्या लांब बॉक्सएन वाघिणी पुष्कळ नंतरच्या आहेत.

फ्लॅटसाठी १:८७ हे एचओ प्रमाण, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतका आकार, सोयीचे आहे. आपल्या ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर असते; त्याचे या प्रमाणात सुमारे १९.३ मिलिमीटर होतात, पण बाजारातल्या एचओ रुळांत ते १६.५ मिलिमीटर असते. ही तफावत स्वीकारावी असे माझे मत आहे, कारण रूळ आणि चाके हाताने घडवण्यात वर्षे जातात आणि आजोबांची गाडी धावायची राहून जाते. कोथरूडचे जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय आधी अवश्य पाहावे.

कोळसा मात्र खराच वापरावा. तो कुटून चहाच्या गाळणीने चाळावा, वाघिणीत खाली थर्माकोल भरून त्यावर पातळ थर पसरावा, आणि पाण्यात कालवलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून ते ड्रॉपरने सोडावे. साबणामुळे ते दाण्यांमध्ये नीट झिरपते.

घरातील वडीलधाऱ्यांकडून आजोबांच्या आठवणी आणि छायाचित्रे आजच मिळवा, कारण इंजिन पुढच्या वर्षीही विकत मिळेल.