सोडलं खरं, पण तो हसत का नाही?

"मॅडम, त्याने सोडलं. पण आता तो हसतही नाही." दारू असो, गांजा असो की पावडर, म्हापशाच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ही तक्रार सतत कानावर येते. मुलगा नशेत असतो तेव्हा घरचे धावपळ करतात. तो सोडून घरी बसला, महिना-दोन महिने गेले, की वेगळीच भीती शिरते. मेंदू कायमचा गेला की काय? चोरून घेतो की काय? की नुसता आळस? या भीतीपोटी जे टोमणे मारले जातात, त्यांनी सावरत आलेली पोरं परत फिरलेली मी पाहिली आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मांद्रे भागातलं कुटुंब. मुलगा किनाऱ्यावरच्या एका क्लबात बारवर कामाला. रात्रभर जागता येतं म्हणून कोणीतरी कोकेन दिलं आणि पुढे पगार त्यातच जाऊ लागला. घरी कळल्यावर त्याने नोकरी सोडली, मालही सोडला. आई सांगत होती, "चवथीला आरतीत घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवायचं ते आमच्या बाबूनेच. यंदा मांडीवर घेतलं, चार थापा मारल्या आणि शेजारच्या पोराकडे दिलं. सुंगटांची (कोळंबीची) कडी केली तरी गप्प जेवतो."

"सगळी नाटकं," वडील म्हणाले. "काम नको, दुसरं काय?"

मी मुलालाच विचारलं, "घुमट वाजवताना काय झालं?"

"काहीच नाही. हात वाजवत होते. आत काही पोचत नव्हतं."

नेमकं हेच घडलेलं असतं. मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी असतात आणि त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये 20 ते 40 नॅनोमीटरची फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडच्या पेशीवरचे ग्राहक (रिसेप्टर) ते टिपतात, आणि काम झालं की उरलेलं रसायन पहिली पेशी परत ओढून घेते. डोपामिन हे त्यातलंच एक. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी 1957 च्या सुमारास त्याचं महत्त्व दाखवून दिलं आणि 2000 साली त्यांना नोबेल मिळालं. कोकेन हे परत ओढून घेणंच अडवतं. डोपामिन फटीत साचत राहतं. असा पूर रोज आला की मेंदू स्वतःला वाचवायला ग्राहक कमी करतो. जत्रेत कर्ण्याला लागून तासन्‌तास उभा राहिलेला माणूस घरी आला की त्याला आईची हाक ऐकू येत नाही, तसं होतं. हाक तेवढीच असते, कान बधिर झालेले असतात.

प्रत्येक नशेची वाट वेगळी. हेरॉइन शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामक रसायनांची जागा घेतं, दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर वाढवते. शेवटी डोपामिनची घडी मात्र सगळीच विस्कटवतात.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तो आळशी नव्हे?"

"नव्हे. त्याचा मेंदू दुरुस्त होतोय. बाहेरून ते आळसासारखं दिसतं."

खरी गाठ सुटली ती पुढे. मुलगा माझ्याकडे यायचा तेव्हा घामाघूम असायचा, हात थरथरत. कधी अर्ध्या वाटेवरून परत जायचा. मला वाटलं, माझ्याशी बोलणं नको असेल. एकदा सहज विचारलं, "येतोस कुठून?"

"शिवोलीचा पूल ओलांडून."

"पुलावर काय होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "पोटात गोळा येतो. तोंड सुकतं. ड्युटीवर जाताना तोच पूल होता मॅडम. पलीकडे उतरलं की माल मिळायचा."

डोपामिन म्हणजे आनंद, असं सरसकट लिहिलं जातं. मला ते कधीच पटलं नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. सुरुवातीला फळांचा रस तोंडात पडल्यावर डोपामिनच्या पेशी चेतायच्या. रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकलं, तशा त्या दिवा लागतानाच चेतू लागल्या. डोपामिन ओढ शिकवतं. या मुलाच्या मेंदूने पूल शिकून घेतला होता. देवाची शपथ घालून ते शिक्षण पुसलं जात नाही, हे मी प्रत्येक घराला सांगते. पुढच्या वेळेपासून तो वडिलांबरोबर पेडण्याहून कोलवाळमार्गे कदंबाच्या बसने आला. वाट लांबची, पण एकही भेट चुकली नाही.

मग वडिलांनी त्याला काजूच्या बागायतीत नेलं. फेणीच्या भट्टीकडे मात्र पाठवायचं नाही, हे आमचं ठरलं होतं. मार्चमध्ये तो येऊन म्हणाला, "बोंडू पिरगळून बिया काढत होतो. एकदम भूक लागली. खरी भूक, मॅडम. घरी जाऊन पेज आणि खारातली कैरी खाल्ली." हे सांगताना तो हसत होता हे त्याला कळलंही नव्हतं. औषधाच्या चिठ्ठीवर न मावणारं हे यश मला फार मोलाचं वाटतं.

किती दिवस लागतात, हा पुढचा प्रश्न. व्यसनांवर संशोधन करणाऱ्या नोरा व्होल्को यांच्या गटाने 2001 मध्ये मेथअँफेटामिन हे उत्तेजक सोडलेल्यांचे मेंदू तपासले, तेव्हा डोपामिन परत ओढणारी यंत्रणा वर्षभराच्या संयमानंतर बरीच सावरलेली दिसली. म्हणून मी घरच्यांकडून वर्ष मागते. त्या वर्षात रोज ठरल्या वेळी झोप, अंगमेहनतीचं काम, जेवायला सगळे एकत्र. "आता तरी खूश हो" हे वाक्य बंद. "एखादी बियर चालेल ना?" याचं उत्तर नाही, कारण दारू लगाम सैल करते आणि पुढचा फोन जुन्या मित्रालाच जातो. घसरला तर शिव्या न देता दुसऱ्याच दिवशी घेऊन या. जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागला, तर मात्र वाट न पाहता बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64 अ नुसार, सेवन केलेला किंवा अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं.

आणि घरात रोज भरपूर पिणारा कोणी असेल, तर त्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. गाबाचा आधार अचानक गेला की पहिल्या काही दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते.