'प्युअर सिल्क' म्हणून पॉलिस्टरची साडी आली, विक्रेता 'नो रिटर्न' म्हणतो. काय करू?

'नो रिटर्न'ला अजिबात घाबरू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. रंग आवडला नाही ही गोष्ट वेगळी. इथे सरळ फसवणूक आहे.

पदराच्या गोंड्यातला सुटा धागा जाळून बघा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, राख बोटांनी चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. व्हिडिओ काढा. आणि वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच घ्या, वर्णन मागाहून बदललं जाऊ शकतं!

तक्रार लेखीच करा: ४८ तासांत पोच, महिन्याभरात निवारण असा नियम आहे. दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.