दत्तक मुलगी आणि ‘रक्ताचे गुण’

प्रश्न : आमची मुलगी चौदा महिन्यांची असताना आम्ही तिला दत्तक घेतले. आता ती नऊ वर्षांची आहे. ती हट्टी आहे आणि गणितात मागे पडते. ‘खाण तशी माती, रक्ताचे गुण कुठे जाणार?’ असे नातेवाईक तिच्यासमोरच बोलतात. बुद्धी निम्मी आनुवंशिक असते, असे मीही वाचले आहे. मग आमच्या वाढवण्याने नेमके काय साधणार?
— एक आई, नाशिक

उत्तर : आपण वाचलेला आकडा निराधार नाही, पण त्याचा अर्थ आपण लावला तसा नाही. टिंका पोल्डरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुळ्यांवरील पन्नास वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यात जुळ्यांच्या सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्यांची माहिती होती (काही जोड्या एकाहून अधिक अभ्यासांत मोजल्या गेल्या होत्या) आणि सर्व गुणधर्मांची सरासरी आनुवंशिकता ४९ टक्के निघाली. हा टक्का माणसामाणसांतील फरकांविषयी आहे. एखाद्या लोकसमूहात जे फरक दिसतात, त्यांपैकी किती वाटा जनुकांतील फरकांशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो. एका मुलीची बुद्धी निम्मी जन्मदात्यांची आणि निम्मी घराची, अशी वाटणी त्यावरून करता येत नाही.

शिवाय आनुवंशिक म्हणजे न बदलणारे, असेही नाही. फेनिलकीटोन्यूरिया हा आजार आईवडील दोघांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होतो. उपचार न झाल्यास मुलाला गंभीर बौद्धिक अपंगत्व येते. मात्र जन्मानंतर लगेच टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत तो ओळखून आहारातील फेनिलअॅलनिन, म्हणजे प्रथिनांतील एक घटक, मोजके ठेवले, तर मेंदूची वाढ बहुतांशी नीट होते. जनुक तेच राहते, परिणाम बदलतो.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचा अभ्यास फ्रान्समधला आहे. मिशेल ड्युईम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली तो प्रसिद्ध केला. लहानपणी हेळसांड वा छळ सोसलेली आणि चार ते सहा वर्षांची असताना, म्हणजे आपल्या मुलीपेक्षा कितीतरी उशिरा, दत्तक गेलेली ६५ मुले त्यात होती. दत्तक जाण्यापूर्वी त्यांचा बुद्ध्यंक सरासरी ७७ होता. किशोरवयात तो सुमारे ९१ झाला, आणि सुस्थितीतील घरांत गेलेल्या मुलांचा सुमारे ९८ पर्यंत पोहोचला. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. आधी जी मुले इतरांच्या पुढे होती, ती बहुधा नंतरही पुढेच राहिली. म्हणजे घराने सगळ्यांनाच वर उचलले, पण आपापसांतील फरक पुसले नाहीत. त्या फरकांमागे जनुकेही असतील आणि पहिल्या वर्षांतील हालही असतील. या अभ्यासावरून त्यांची फोड करता येत नाही.

तेव्हा मुलीचा पिंड आपल्याहून निराळा असेल, हे मोकळ्या मनाने मान्य करावे. आपल्याला आवडणारे विषय तिला आवडतीलच असे नाही आणि तिचा हट्ट कदाचित उपजतही असेल, पण तो वाढतो की निवळतो, यावर घरातील माणसे त्याला कसा प्रतिसाद देतात याचाही परिणाम होतो. गणिताचे मात्र रक्तावर सोडून देऊ नये. तिची नजर आणि ऐकणे तपासून घ्यावे, आणि अडचण तरीही राहिली तर बालमानसतज्ज्ञांकडून डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे अंक समजण्यातील विशिष्ट अडचण, आहे का हे पाहावे. जन्मदात्यांकडे वाढणाऱ्या मुलांतही ती आढळते आणि वेगळ्या पद्धतीने शिकवल्यास मुले पुढे जातात. नातेवाइकांचे ते वाक्य मात्र तिच्यासमोर पुन्हा उच्चारले जाणार नाही, हे आपण आणि आपल्या पतींनी मिळून त्यांना स्पष्ट सांगावे. नऊ वर्षांच्या मुलीला त्याचा अर्थ पूर्ण कळतो, आणि ते ऐकत वाढणे हाही तिच्या परिस्थितीचाच भाग आहे.