देश पुसला जातो म्हणजे काय होतं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. चारही युरोपच्या इतिहासाबद्दलची आहेत. पहिल्या पत्राने मला आठवडाभर पुस्तकांत बसवून ठेवलं, त्यामुळे त्याला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे. मेरी क्युरी पोलिश होती असं आम्हाला शिकवलं. तिचा जन्म १८६७चा. पण जुन्या नकाशांच्या पुस्तकात १८६७च्या युरोपात पोलंड सापडतच नाही. मग ती पोलिश कशी? आणि देश पुसला जातो म्हणजे नक्की काय होतं?

नकाशा उघडून साल ताडून पाहिलंस, याचा मला फार आनंद झाला. तुला दिसलं ते खरं आहे. १८६७ साली पोलंड नावाचं स्वतंत्र राज्य नव्हतं. त्याच्या बहात्तर वर्षं आधीच ते संपवलं गेलं होतं.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोलंड आणि लिथुआनिया यांचं जोडराज्य युरोपातल्या सर्वांत मोठ्या राज्यांपैकी एक होतं. तिथला राजा वारसाने गादीवर येत नसे, सरदार त्याला निवडून देत. त्यांच्या संसदेचं नाव सेय्म. या सेय्ममध्ये एक विलक्षण नियम होता. एका सदस्याने उभं राहून 'मला मान्य नाही' म्हटलं की समोरचा ठराव तर बारगळायचाच, शिवाय त्या अधिवेशनात आधी मंजूर झालेलं सगळं रद्द व्हायचं. याला लिबेरम व्हेटो म्हणत. सरदारांना तो आपल्या स्वातंत्र्याचा प्राण वाटायचा. शेजारच्या राजांना मात्र तो सताड उघडा दरवाजा होता, कारण सबंध संसद विकत घ्यायची गरजच नव्हती, एका माणसाला पैसे चारले की काम व्हायचं. सैन्य वाढवायचं म्हटलं, कर बसवायचे म्हटलं, की अधिवेशन मोडलंच.

१७७२ मध्ये रशिया, प्रशिया हे जर्मन राज्य आणि ऑस्ट्रिया या तिघांनी पहिला लचका तोडला. त्यानंतरची वीस वर्षं मला या साऱ्या कहाणीत सर्वांत जवळची वाटतात, कारण तेव्हा पोलिश लोक खरोखर कामाला लागले होते. ३ मे १७९१ रोजी त्यांनी लिखित राज्यघटना स्वीकारली. फ्रान्सची पहिली राज्यघटना आली ती यानंतर चार महिन्यांनी. पोलंडच्या घटनेने तो घातकी व्हेटो काढून टाकला. आणि नेमकं हेच रशियाच्या सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनला नको होतं. दुबळा शेजारी तिला चालत होता, सुधारणारा शेजारी चालला नाही. १७९२ मध्ये रशियाचं सैन्य आत घुसलं आणि १७९३ मध्ये रशिया व प्रशियाने दुसरी वाटणी उरकली.

१७९४ मध्ये तादेउश कोश्चुश्को उठला. हा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून आलेला लष्करी अभियंता. रात्स्लावीत्सेच्या लढाईत त्याच्या बाजूने शेतकरी गवत कापायची लांब पाती दांड्यांवर सरळ बसवून तोफांवर चालून गेले आणि त्यांनी त्या तोफा जिंकल्या. ती लढाई जिंकली, उठाव मात्र चिरडला गेला. १७९५ मध्ये तिसरी वाटणी झाली आणि वाटण्यासारखं काही उरलं नाही. पोलंड हे नावच यापुढे वापरायचं नाही, असंही तिघांनी १७९७ मध्ये गुपचूप ठरवून घेतलं.

आता तुझा दुसरा प्रश्न. देश पुसला जातो तेव्हा डोंगर-नद्या जागच्या जागी राहतात. बदलते ती शाळेची भाषा. मेरी म्हणजे घरची मारिया स्क्वोदोव्स्का, जन्माने वॉर्साची. वॉर्सा तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होतं. पोलिश लोकांचा १८६३चा उठाव मोडल्यावर राज्यकर्ते त्या प्रदेशाला पोलंड म्हणायचंही टाळू लागले, 'व्हिस्टुलाकाठचा प्रदेश' म्हणू लागले. शिक्षण रशियनमधून. मारियाच्या शाळेत पोलिश इतिहास चोरून शिकवला जायचा. निरीक्षक आल्याची इशाऱ्याची घंटा वाजली की मुली पुस्तकं लपवायच्या आणि शिवणकाम हातात घ्यायच्या. मग बाई मारियाला उभं करायच्या, कारण तिचं रशियन उत्तम होतं. ती झारांची नावं क्रमाने बिनचूक सांगायची. निरीक्षक गेल्यावर त्या मुलीला रडू कोसळल्याची आठवण तिच्या धाकट्या लेकीने, ईव्हने, आईच्या चरित्रात लिहून ठेवली आहे. मी सत्तावीस वर्षं वर्गात उभी राहून शिकवलं आहे, त्यामुळे हा प्रसंग वाचताना माझं लक्ष दर वेळी त्या बाईंकडे जातं. मुलीला उभं करताना त्यांच्या मनात काय येत असेल?

वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. मारिया आणि तिची बहीण ब्रोन्या एका गुप्त विद्यापीठात शिकल्या. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून त्याचे वर्ग आज या घरी, उद्या त्या घरी भरत. म्हणून त्याला 'फिरतं विद्यापीठ' म्हणत. १८९१ मध्ये ती पॅरिसला गेली. जुलै १८९८ मध्ये तिने आणि तिचे पती पिएर क्युरी यांनी नवं मूलद्रव्य सापडल्याचं जाहीर केलं आणि त्याला पोलंडवरून नाव दिलं पोलोनियम. जे नाव तीन राज्यांनी कागदपत्रांतून हद्दपार केलं होतं, ते तिने मूलद्रव्यांच्या यादीत नेऊन बसवलं.

तेव्हा तुझ्या वहीत असं लिही : जन्माने रशियन साम्राज्याची प्रजा, लग्नानंतर फ्रान्सची नागरिक, आणि स्वतःच्या मनाने शेवटपर्यंत पोलिश. सही करताना ती माहेरचं आडनावही लावायची. दोन्ही मुलींना तिने पोलिश शिकवलं. १९१८ मध्ये, १२३ वर्षांनी, पोलंड पुन्हा उभा राहिला आणि १९३२ मध्ये वॉर्साच्या रेडियम संस्थेच्या उद्घाटनाला ती स्वतः हजर होती.

प्रश्न : साराजेव्होमध्ये मोटारचालकाने चुकीचं वळण घेतलं नसतं तर पहिलं महायुद्ध टळलं असतं, हे खरं का? मारेकरी तिथे सँडविच खात उभा होता, असंही वाचलं.

सँडविचची गोष्ट सोडून द्या. ती फार नंतर कुणीतरी चिकटवली आहे. वळणाची गोष्ट मात्र खरी आहे. २८ जून १९१४च्या सकाळी ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नी सोफी यांच्या मोटारीवर नेदेल्को चाब्रिनोविच याने बाँब फेकला. तो मागच्या मोटारीखाली फुटला. नगरभवनातला स्वागत समारंभ उरकल्यावर जखमींना भेटायला इस्पितळात जायचं ठरलं आणि त्यासाठी रस्ता बदलला. तो बदल चालकाला कुणी सांगितला नाही. लॅटिन पुलाजवळ तो जुन्या मार्गाने वळला, चूक लक्षात आल्यावर त्याला थांबवलं, आणि तिथेच एकोणीस वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. त्याने दोन गोळ्या झाडल्या. वीस वर्षं पूर्ण नसल्यामुळे कायद्याने त्याला फाशी देता आली नाही. वीस वर्षांची शिक्षा झाली आणि एप्रिल १९१८ मध्ये तेरेझिनच्या तुरुंगात तो क्षयाने मेला.

पण त्या वळणाने खुनाचा उलगडा होतो, युद्धाचा होत नाही. मला तुमचं लक्ष पुढच्या महिन्याकडे न्यायचं आहे. ५ जुलैला जर्मनीच्या कैसरने ऑस्ट्रियाला 'काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत' असा शब्द दिला. २३ जुलैला ऑस्ट्रियाने, खुनामागे सर्बियाचा हात असल्याचं म्हणत, सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची मुदत देऊन मागण्यांचं पत्र धाडलं. सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या, तरी २८ जुलैला युद्ध पुकारलं गेलंच. मग सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाने सैन्य गोळा करायला घेतलं. जर्मनीची लढाईची योजना अशी आखलेली होती, की आधी बेल्जियममधून फ्रान्सवर झडप घालायची आणि मग रशियाकडे वळायचं. रशिया सज्ज होईपर्यंत थांबलं तर ती सगळी योजनाच कोसळत होती. ४ ऑगस्टपर्यंत ब्रिटनही युद्धात उतरला. खून ते युद्ध यांत एक पूर्ण महिना गेला आणि त्या महिन्यात प्रत्येक राजधानीत कुणाच्या ना कुणाच्या हातात थांबण्याची संधी होती. चालकाची चूक काही सेकंदांची होती. या माणसांनी विचारासाठी दिवसच्या दिवस घेतले. त्यांची जबाबदारी एका मोटारचालकावर ढकलली की मला राग येतो.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही स्पेनविरुद्धच्या लढ्याबद्दल लिहिताना 'हॉलंड' म्हणालात. देशाचं नाव नेदरलँड्स आहे ना?

हो, आणि दुरुस्ती मान्य. तिथे बारा प्रांत आहेत, त्यांतले दोन उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड. व्यापार आणि जहाजं तिथली, म्हणून ते नाव सगळ्या देशाला चिकटलं. त्या लढ्यात बाकीचे प्रांतही होते, तेव्हा माझी चूक लहान नव्हती. ब्रिटनला इंग्लंड म्हणणंही तसंच. स्कॉटलंड आणि वेल्सच्या माणसाला ते लागतं.

प्रश्न : सत्तर वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीनदा लढले. इतकं हाडवैर एकाएकी संपलं कसं?

आजोबा, एकाएकी नाही संपलं. पण तुमचा प्रश्न वाचून मला आधी आल्सास आठवला. ऱ्हाईन नदीकाठचा हा फ्रान्सचा पट्टा १८७१ मध्ये जर्मनीने घेतला, १९१८ मध्ये तो फ्रान्सकडे परत गेला, १९४० मध्ये हिटलरने गिळला आणि १९४५पासून पुन्हा फ्रान्सचा झाला. १८६५च्या सुमारास तिथे जन्मलेल्या आणि ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाचा देश घर न सोडता चार वेळा बदलला. दुसऱ्या महायुद्धात आल्सास आणि शेजारच्या मोझेलमधले सुमारे १,३०,००० तरुण जबरदस्तीने जर्मन सैन्यात भरती केले गेले. फ्रेंचमध्ये त्यांना 'मनाविरुद्ध गेलेले' अशा अर्थाचं नाव आहे.

वैर मिटवायला पुढे आलेली माणसंही अशाच सरहद्दीवरची निघाली. रोबेर शुमान यांचे वडील आल्सासशेजारच्या लोरेनचे. शुमान स्वतः १८८६ मध्ये लक्झेंबर्गमध्ये जन्मले ते जर्मन नागरिक म्हणून, शिकले जर्मन विद्यापीठांत, आणि पुढे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री झाले. ९ मे १९५० रोजी त्यांनी मांडलं, की फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा व पोलाद एका सामाईक मंडळाच्या हाती द्यावं. तोफा ज्यापासून बनतात तेच दोघांच्या मालकीचं झालं तर एकाला दुसऱ्याविरुद्ध गुपचूप तयारी करता येणार नाही, असा तो साधा, व्यवहारी विचार होता. पुढच्याच वर्षी सहा देशांनी तसा करार केला. त्यांत इटलीही होती, आणि तिचे पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी तरुणपणी ऑस्ट्रियाच्या संसदेत निवडून गेलेले होते! शुमान, दे गास्पेरी आणि जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर एकमेकांशी जर्मनमध्ये बोलू शकत.

मनं जुळायला मात्र वेळ लागला. फ्रान्समध्ये व्हेर्दांजवळ दुओमाँला एक अस्थिगृह आहे. १९१६च्या लढाईतल्या सुमारे १,३०,००० अनोळखी फ्रेंच आणि जर्मन सैनिकांची हाडं तिथे एकत्र ठेवली आहेत. मागच्या भिंतीत जमिनीलगत छोट्या खिडक्या आहेत, वाकून आत पाहावं लागतं. मी वाकले, आणि वर्गात इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेले आकडे मला तिथे पहिल्यांदा दिसले. त्याच दुओमाँला २२ सप्टेंबर १९८४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितेराँ आणि जर्मनीचे चान्सलर कोल हात हातात घेऊन उभे राहिले. मितेराँ १९४० मध्ये व्हेर्दांजवळच जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडले होते. कोल यांचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात मारला गेला होता.

आणि आल्सासमधल्या स्ट्रासबर्गला गेलात तर रिपब्लिक चौकातलं युद्धस्मारक पाहा. १९३६चं आहे. एक आई बसली आहे आणि तिने दोन मरणाऱ्या मुलांना सावरून धरलं आहे. एक फ्रान्ससाठी लढला, एक जर्मनीसाठी. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही, त्यामुळे कोणता कोणाचा ते ओळखता येत नाही. फ्रान्समधल्या गावोगावच्या स्मारकांवर 'फ्रान्ससाठी प्राण दिलेले' असे शब्द असतात. इथे खाली इतकंच कोरलं आहे : 'आमच्या मृतांना'.